उलट्या पिळाची तार

४ सप्टेंबर

धाकट्या,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. सगळे म्हणजे मी आणि बारक्या. तुझे कान गेल्यापासून एक मात्र बरं झालंय, फोनवर ओरडून घसा फोडावा लागत नाही. आणि भांडायचं असलं तर आधी कागद शोधावा लागतो, तोवर राग निवतो. पण आजचं काम अवघड आहे. मला तुला एक आवाज कळवायचा आहे.

मी तुझ्या दाजींच्या गाडीवरची ताडपत्री काढली. तुझ्या कपाळावरची आठी मला इथून दिसते आहे, पण पुढे वाच. वाकलेली चौकट मी मागच्याच वर्षी सरळ करून आणली, नवा पिस्टन बसवला, सिलिंडर घासून घेतला. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर सगळ्यांनी शहाणपणा शिकवला असता. कार्बोरेटर तेवढा बारक्याने धुऊन बसवला. आणि परवा सकाळी मी किक मारली.

सुरू झाली रे. तीन वर्षं झोपलेलं इंजिन दुसऱ्या किकला उठलं. पण आवाज त्यांचा नाही. त्यांची गाडी कशी कापड फाडल्यासारखी टर्रर्र करत वर चढायची! आता बादली पाण्यात बुडवावी तशी बुडबुडते. मूठ पिळली की आधी गुदमरते, मग खोकते, आणि मागून एवढा धूर की समोरचा न्हावी दुकानाचं दार लावून घेतो. प्लग काढून पाहिला. काळा आणि ओला. पेट्रोल जास्त जातंय, हवा कमी पडतेय, एवढं मलाही कळतं. चोक मोकळा आहे, हवेची जाळी स्वच्छ आहे, फ्लोट अडकत नाही. आता पुढे काय करू ते लिही.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी टेकडीची शर्यत आहे. बारक्या ही गाडी चालवणार आहे. ती गाडी एकदा वर पोहोचली पाहिजे. शेवटच्या वळणाच्या अलीकडे ते पडले, आणि मला सारखं वाटतं की ते अजून तिथेच आहेत, रस्त्याच्या कडेला, हेल्मेट मांडीवर घेऊन, गाडीची वाट बघत. हसायचं तर हस. पण उत्तर लवकर पाठव.

तुझी ताई

११ सप्टेंबर

ताई,

हसलो नाही. पत्र दोनदा वाचलं, मग लेथ बंद करून खाली शिंप्याच्या दुकानात जाऊन बसलो. त्याने विचारलं, काय झालं. मी सांगितलं, बहिणीची गाडी पेट्रोल जास्त पिते. तो म्हणाला, बहिणीचा भाऊ पीत नाही ना, मग झालं. त्याच्या ओठांवरून एवढंच कळलं. बाकी काय बोलला देव जाणे.

कामाचं आधी लिहितो, कारण तू नाही ऐकणार, आणि मी सांगितलं नाही तर दुसऱ्या कुणाला विचारशील. तू लिहिलेला आवाज मला नीट ऐकू आला. मूठ पिळताना गुदमरते म्हणजे सुईचं काम आहे. कार्बोरेटरची वरची टोपी उघड. आतल्या सुईला पाच खाचा आहेत आणि एका खाचेत बारीक क्लिप. क्लिप खालच्या खाचेत असली की सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल जास्त जातं, त्यालाच आपण रिच म्हणतो. वरच्या खाचेत नेली की पेट्रोल कमी, म्हणजे लीन. तू क्लिप मधल्या खाचेत घाल. घाईने सगळ्यात वर नेऊ नकोस. रिच गाडी फक्त धूर काढते, लीन गाडी पिस्टन जाळते. जळलेला पिस्टन जाम झाला की मागचं चाक जागच्या जागी थांबतं. पुढचं तुला मी सांगायला नको.

मग मोकळ्या रस्त्यावर गाडी पूर्ण ताणायची, तशातच क्लच दाबून इंजिन बंद करायचं आणि प्लग काढून बघायचा. भाजल्या विटेसारखा तांबूस असला की जमलं. काळा म्हणजे अजून रिच. पांढरा दिसला तर गाडीवर पुन्हा बसायचं नाही, मग कुणी कितीही घाई करो. काम झालं की टोपीला बारीक तार बांधून पीळ दे, थरथरीने ती सैल होते.

आता बिनकामाचं. बारक्या तयार आहे का? तू लिहिलंस "चालवणार आहे". तो काय म्हणाला ते लिहिलं नाहीस.

तुझा धाकटा

२० सप्टेंबर

धाकट्या,

बारक्या "हो" म्हणाला. चोवीस वर्षांचा घोडा आहे, त्याला काय मी कडेवर घेऊन विचारू? त्याचं जेवण जरा कमी झालंय, पण शर्यतीच्या आधी त्यांचंही व्हायचं.

आता जे लिहिते ते वाचून मला वेड्यात काढू नकोस.

तू सांगितलंस तशी क्लिप खालच्या टोकाच्या खाचेतून मधल्या खाचेत आणली. धुण्याच्या नादात बारक्याने ती तळाला घातली असेल म्हणून मी बोलले नाही. गाडी ताणून पाहिली. प्लग तांबूस. आवाज असा मोकळा झाला की मला तिथेच रस्त्यावर रडू आलं. टोपी बसवली, तार बांधली, गॅरेजला कुलूप घालून किल्ली माझ्या कमरेला. दुसऱ्या दिवशी सकाळी किक मारली तर पुन्हा बुडबुड. टोपी उघडली. क्लिप तळाच्या खाचेत!

मला वाटलं मीच चुकले. म्हातारचळ लागला. पुन्हा मधल्या खाचेत घातली, दोनदा बघितली, तार बांधली. एक दिवस गेला. पुन्हा तळाला. असं आता चौथ्यांदा झालंय. कुलूप शाबूत, खिडकीला गज, आणि दुसरी किल्ली पिठाच्या डब्यात आहे तिथेच.

आणि तार. मी पीळ देते तो उजवीकडे, तूही उजवीकडेच देतोस, सगळं जग उजवीकडे देतं. सकाळी सापडते त्या तारेचा पीळ डावीकडे असतो. सुबक, एकसारखा, जाणत्या हाताचा, पण उलटा. भुताचे पाय उलटे असतात म्हणतात. मग पीळ तरी सुलटा कसा पडेल?

सकाळी दार उघडलं की आत जळक्या एरंडेलाचा वास येतो. ते शर्यतीच्या पेट्रोलमध्ये एरंडेल घालायचे, आठवतंय ना? मी साधं तेल वापरते आहे. एरंडेलाची बाटली घरात नाही. मी दारातच उभी राहून तो वास घेते आणि मग आत पाऊल टाकते. घाबरत नाही. खरं सांगू, सकाळ कधी होते याची वाट बघते. तीन वर्षांत या घरात माझ्याशी कुणी एवढी चेष्टा केली नव्हती.

ते येतात रे. गाडी तयार होते आहे हे त्यांना कळलंय.

ताई

२८ सप्टेंबर

ताई,

तुला वेड्यात काढायला मी कोण शहाणा लागून गेलो. माझ्या कानात तर रात्रंदिवस इंजिनं चालू असतात, जी कधीच बंद पडली आहेत. वासाचं मला काही सांगता येत नाही. पण तू माझ्या एका प्रश्नाचं उत्तर दे.

दाजींनी जन्मात कधी गाडी रिच चालवली?

आठव. मी क्लिप मधल्या खाचेत घालायचो आणि पाठ वळली की ते ती वर न्यायचे. "साल्या, तू इंजिनाला दूध पाजतोस," म्हणायचे. पेट्रोल कमी, हवा जास्त, गाडी नुसती भडकलेली. त्या शेवटच्या दिवशीही क्लिप सगळ्यात वरच्या खाचेत निघाली, तूच दाखवलीस मला. आयुष्यभर लीनच्या मागे लागलेला माणूस मेल्यावर उठून येतो आणि गाडी रिच करून जातो? सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. दाजी आले असते तर क्लिप वरच्या खाचेत सापडली असती. तेव्हा भूत असेल तर ते दुसऱ्या कुणाचं तरी आहे.

आपण एवढं करू. महिनाभर क्लिपला हात लावू नकोस. गाडी धूर काढते तर काढू दे, न्हाव्याला माझा नमस्कार सांग. आणि बारक्याला म्हणावं मामाला चार ओळी लिही. तो मला विसरला की काय?

तुझा धाकटा

६ ऑक्टोबर

मामा,

आईने तुझं पत्र मला वाचायला दिलं नाही, फक्त "मामाने लिहायला सांगितलंय" एवढंच म्हणाली. त्यावरूनच मी समजलो. उलट्या पिळाचं तिने तुला कळवलं असणार. तार बांधायला मला तू शिकवलंस. तेव्हाच तुझे कान कमी झाले होते, माझे ओठ दिसावेत म्हणून तू मला बाकाच्या पलीकडे, समोर बसवायचास. मी समोरून बघितलं तसा हात फिरवायला शिकलो. तुझ्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. तू हसून म्हणाला होतास, राहू दे, पीळ घट्ट बसला म्हणजे झालं. आई कधी माझ्या हाताकडे बघत नाही. ती फक्त गाडीकडे बघते.

हो, क्लिप मीच खाली घालतो. पहिल्या दिवसापासून. पिठाच्या डब्यातली किल्ली घेतो आणि पहाटे ती उठायच्या आत परत ठेवतो. गाडी नीट झालीच नाही तर शर्यत चुकेल, एवढाच माझा डाव आहे.

मला भीती वाटते, मामा. त्या दिवशी मी शेवटच्या वळणावर पिवळा झेंडा घेऊन उभा होतो. बाबा खालून येताना आधी आवाज आला, बारीक, वर वर चढत जाणारा. सगळे टाळ्या वाजवायला लागले. मग आवाज थोडा कोरडा झाला आणि एकदम थांबला. गाडी घसरत आली ती नंतर. मला गाडी आठवत नाही, तो थांबलेला आवाज आठवतो. आई म्हणते, वरपर्यंत ने एकदा, बाबा मोकळे होतील. मी नाही कसं म्हणू? नाही म्हटलं तर त्यांना तिथे मीच सोडून आलो असं होईल.

आणखी एक. एरंडेलाचा वास मी करत नाही. मलाही येतो. परवा आईने मला सरावाला पाठवलं. क्लिप तळाच्या खाचेत होती, मी स्वतः घातलेली, तशी गाडी पळूच शकत नाही. टेकडीच्या पायथ्याशी ती बुडबुडत होती आणि मध्येच मोकळी झाली. मूठ मी वाढवली नव्हती. माझ्या हातावर दुसरा हात असल्यासारखं वाटलं. मी गाडी तिथेच थांबवली आणि ढकलत घरी आणली. आईला सांगितलं, पेट्रोल संपलं.

तिला यातलं काही सांगू नकोस. तुला माझी शपथ.

बारक्या

१३ ऑक्टोबर

ताई,

बारक्याचं पत्र मिळालं. पोरगा ठीक आहे. तुझ्या गाडीचा मी पुन्हा विचार केला. दोष सुईत नाही, खालच्या जेटमध्ये आहे. पेट्रोल ज्यातून वर जातं ते त्याचं भोक झिजून मोठं झालं असेल. सोबत पितळेचा नवा जेट पाठवतो आहे, माझ्या हाताने कातलेला, एक आकडा लहान. हा बसव आणि क्लिप जिथे सापडेल तिथे राहू दे. शर्यतीपर्यंत दुसरं काही बदलू नकोस.

इकडे थंडी सुरू झाली आहे. शिंप्याने मला बंडी शिवून दिली, एक बाही लांब आहे. त्याला सांगितलं तर म्हणतो, ऐकू येत नाही.

तुझा धाकटा

२२ ऑक्टोबर

धाकट्या,

बंडी, थंडी आणि शिंपी! काही लपवायचं असलं की तू लहानपणापासून हवापाण्याच्या गप्पा मारतोस.

जेट मी उजेडात धरला. आकडा तू घासून काढलास, पण माझ्याकडे जुना जेट आहे आणि सुईही आहे. सुई जुन्यात अडकते, तुझ्या नव्यात सहज आत जाते. भोक लहान नाही, मोठं आहे. म्हणजे हा बसवला असता तर गाडी आणखी बुडाली असती, आणि शर्यतीच्या दिवशी जागची हलली नसती. नवऱ्याबरोबर वीस वर्षं प्लग वाचले मी. जगात तुला फसवायला मीच सापडले?

आधी संतापले. मग गॅरेजमध्ये स्टुलावर बसून विचार केला. तू खोटं बोललास, आणि तेही स्वतःच्या कामात. जेटचा आकडा चुकीचा सांगण्यापेक्षा तू बोट कापून दिलं असतंस. एवढं खोटं माणूस जिवंत माणसासाठीच बोलतो. मेलेल्याला वाचवायला कुणी जेट पाठवत नाही. म्हणजे क्लिप कोण फिरवतं ते तुला ठाऊक आहे.

सांग. आडपडदा नको. शर्यतीला थोडेच दिवस उरले आहेत आणि मी आज पुन्हा क्लिप मधल्या खाचेत घातली आहे. या वेळी मी ती रोज बघणार, आणि शर्यतीच्या सकाळी शेवटची बघणार. तू गप्प राहिलास तर बारक्या त्याच गाडीवर बसेल.

ताई

२७ ऑक्टोबर

ताई,

त्याने शपथ घातली होती. मोडतो. मामाला काय व्हायचं ते होऊ दे.

तार बारक्याची आहे. मी त्याला समोर बसवून शिकवलं, म्हणून त्याचा पीळ उलटा पडतो. ही माझीच चूक, आणि या घरात ती फक्त मला आणि त्याला माहीत होती. तुझं पहिलं वर्णन वाचलं तेव्हाच मी ओळखलं. पण मला वाटलं, गाडी बिघडलेली राहिली की आपोआप निभावेल, तुला दुखवावं लागणार नाही.

तो घाबरलाय, ताई. साधासुधा नाही. शेवटच्या वळणावर झेंडा घेऊन तोच उभा होता हे तू विसरलीस का? त्याने ते ऐकलंय. त्याला तुला नाही म्हणता येत नाही, म्हणून चोरासारखा उठून स्वतःच्या बापाची गाडी बिघडवतो. आणि तू त्या चोराला नवरा समजून दारात वास घेत उभी राहतेस. कडू लिहितोय, पण लिहितो.

दाजी मला भावासारखे होते. ते गेले तेव्हा मी सहा महिने लेथला हात लावला नाही. तरी सांगतो, ते जिथे असतील तिथे असू देत. एक तिथे बसलाय म्हणून दुसऱ्याला त्याला आणायला पाठवू नकोस. मला एकच भाचा आहे.

तुझा धाकटा

९ नोव्हेंबर

ताई,

शर्यत होऊन गेली. तुझं पत्र नाही. शेजारच्या मास्तरीण बाईंना तुझ्या घरी फोन करायला लावला. त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं, "घंटी वाजते, कुणी उचलत नाही." मी दुसऱ्यांदा लावायला सांगितला. पुन्हा तेच. इथल्या पेपरात टेकडीच्या शर्यतीचं अक्षर नाही.

मी काल दोन जेट बिघडवले. काहीही झालं असेल ते लिही. दोन शब्द लिही. "आहोत" एवढं लिहिलंस तरी चालेल.

धाकटा

१४ नोव्हेंबर

धाकट्या,

आहोत. दोघंही आहोत. उशीर झाला, माफ कर. पहिले काही दिवस पेन धरवत नव्हतं, का ते सांगतेच.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी बारक्याला जेवण वाढलं आणि गॅरेजमध्ये जाऊन बसले. रागावले होते. त्याच्यावर नाही, तुझ्यावर. तू माझा नवरा माझ्यापासून दुसऱ्यांदा नेलास असं वाटलं. रोज सकाळी जो येतो असं मी धरून चालले होते तो माझाच मुलगा, झोप मोडून, थंड फरशीवर अनवाणी. मला हे कळायला तुझं पत्र लागलं. मी त्याची आई ना?

शर्यतीच्या सकाळी तो चामड्याचा पोशाख घालून स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. पांढराफटक. मी म्हटलं, "काढ ते. नाही जायचंय." तो उभाच. मग खुर्चीवर बसला आणि बुटांचे बंद त्याला सुटेनात. मी खाली बसून सोडले. नंतरचे काही दिवस फोनही आम्ही उचलला नाही.

पण माझी खाज गेली नव्हती. शर्यत संपून रस्ता पुन्हा सगळ्यांसाठी खुला झाला तेव्हा मी बारक्याला म्हटलं, मीच नेते ती वर. नवीन इंजिनं मीच तर चालवून मोकळी करायचे त्यांच्यासाठी. तू क्लिप तुला हवी तिथे घाल, तार तुझ्या हाताने बांध, मामाचा मोठा जेटही बसव. तासाला वीसच्या पुढे गेली तर नाव बदल. त्याने सगळं केलं. मी पहिल्यांदाच त्याच्या हाताकडे बघत बसले. किती सुंदर तार बांधतो रे तो. "मी पुढे जाऊन वळणावर थांबतो," म्हणाला, आणि दुधाच्या टेम्पोतून गेला.

निघाले. धूर, बुडबुड, खोकला. एक सायकलवाला मला मागे टाकून गेला आणि वळून हसला. मलाही हसू आलं. अर्धी टेकडी अशी चढले. जसं वर जावं तशी हवा विरळ होते, गाडी आणखी रिच व्हायला हवी, आणखी गुदमरायला हवी. तुला हे माझ्यापेक्षा जास्त कळतं.

शेवटच्या वळणाच्या अलीकडे ती मोकळी झाली.

माझी मूठ होती तिथेच होती. आधी एरंडेलाचा वास आला, मग आवाज बदलला. कापड फाटावं तसा, धाकट्या, त्यांचाच. गाडी माझ्याखालून पुढे ओढ घ्यायला लागली. खोटं कशाला बोलू, मी घाबरले नाही. मला आनंद झाला. तीन वर्षांत झाला नव्हता एवढा. मला वाटलं, आता काही करायचं नाही, नुसतं बसून राहायचं. आवाज वर वर चढला आणि मग थोडा कोरडा झाला. तो कोरडा सूर मला ठाऊक आहे. त्या दिवशी खाली उभी राहून मी तोच ऐकला होता. तरी माझा हात क्लचकडे गेला नाही.

मग वळणावर बारक्या दिसला. तो झेंडा घेऊन उभा होता त्याच जागी. डोळे मिटलेले, आणि दोन्ही हातांनी कान गच्च दाबलेले. चोवीस वर्षांचा माझा मुलगा, भरदिवसा, रस्त्याच्या कडेला.

मी क्लच दाबला आणि इंजिन बंद केलं. गाडी होत्या वेगातच सरकत त्याच्या पायाशी जाऊन थांबली. आवाज थांबला म्हणून तो डोळेच उघडेना. त्याला वाटलं, झालं. मी हेल्मेट काढून त्याचे हात कानांवरून सोडवले, तेव्हा त्याने बघितलं.

प्लग काढला. मला बोटं भाजल्याचंही कळलं नाही, पेन धरवत नव्हतं ते त्यामुळे. पांढरा होता. खडूसारखा. तू म्हणशील टाकीत पेट्रोल कमी असेल. टाकी अर्धी भरलेली होती. नळी वाकली नव्हती, जाळी स्वच्छ होती. टोपीवरची तार बारक्याने बांधली तशीच, डाव्या पिळाची, न हललेली. आम्ही ती कापून टोपी उघडली. क्लिप तळाच्या खाचेत. तुझा मोठा जेट जागच्या जागी. आणि प्लग पांढरा. याला कारण असेल तर तू शोध. मी शोधणार नाही. तूच लिहिलं होतंस ना, ते आले तर लीनच करतील म्हणून.

बारक्याला मी विचारलं, "एवढी भीती वाटत होती तर मला सांगितलं का नाहीस?"

तो म्हणाला, "तू बाबांना शोधत होतीस, आई. मी मध्ये कसा बोलू?"

मी तिथे जशी रडले तशी त्यांच्या वेळीही रडले नव्हते.

शर्यतीची शेवटची रेघ तिथून दिसत होती. चढ संपतो तिथे रस्त्यावर पांढरा पट्टा आहे, गाडी ढकलत नेली असती तरी पोहोचली असती. बारक्यानेच विचारलं, "ढकलू या का वरपर्यंत?" आणि त्याने हँडल धरलंही. मी त्याचा हात काढून घेतला. मग रस्त्याच्या कडेला, जिथे ते बसलेले असतात असं मला वाटायचं, तिकडे तोंड करून मी मोठ्याने म्हणाले. मघाचा सायकलवाला वर थांबून ऐकत होता, पण मला लाज वाटली नाही.

"तुम्हाला जायचं तर चालत जा वर. आता गाडी येणार नाही, आणि पोरगाही येणार नाही. आम्ही खाली जातो."

बारक्याने गाडी वळवली.

ताई